पिसाळलेल्या कुत्र्याचा इतिहास

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्या शहरवासीयाला हे नाव अलीकडे लोखंडाच्या खाणीमुळे ठाऊक झाले. परंतु भोवतालच्या सत्तर गावांच्या इलाख्याला तो डोंगर ठाकूरदेवाचा म्हणून कितीतरी आधीपासून परिचित आहे, आणि जानेवारी महिन्यात तेथे भरणारी यात्रा ही त्या मुलुखाची वार्षिक पंचायतच होय. ह्या भागातला माडिया माणूस रानात निघाला की त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असते आणि पायाशी कुत्रा असतो. रात्री शेताच्या मचाणाखाली कुत्रा असतो, दिवसा मुलांच्या खेळात कुत्रा असतो, आणि पंगत उठल्यावर उरलेले खावयासही तोच असतो. असा हा घरचा प्राणी एके दिवशी पिसाळतो, ओळख विसरतो, आणि समोर येईल त्याला चावतो. त्या क्षणापासून त्या घरापुरता काळ मोजण्याचा हिशेब बदलतो.

आजच्या व्याख्यानाला आम्ही हा विषय घेतला, ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. वसंतऋतूतील ह्या ज्ञानसत्रात राज्यकर्त्यांचा, संतांचा, लढायांचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. कुत्र्याच्या चाव्याला कसला आला आहे इतिहास? परंतु आमचे म्हणणे असे की, एखाद्या समाजाने एखाद्या रोगाशी कसा व्यवहार केला ह्यावरून त्या समाजाची बुद्धी, करुणा आणि आळस ही तिन्ही जितकी स्पष्ट दिसतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून दिसत असतील. रेबीजच्या बाबतीत तर आपण आधी कुत्र्याला मारून पाहिले, मग माणसाला टोचून पाहिले, आणि कुत्र्याला टोचावे ही साधी गोष्ट मोठ्या प्रमाणावर करावयास आपणांस जवळजवळ दोनशे वर्षे लागली. ह्या तीन पायऱ्यांचीच कथा आज सांगावयाची आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे. हा रोग आपणांस नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या विषाचे वर्णन आलेले आहे. त्याला तेथे अलर्कविष म्हटले आहे. पाण्याच्या दर्शनाने किंवा नुसत्या शब्दाने जो रोगी भितो तो वाचत नाही, हा निर्णयही त्या ग्रंथाने देऊन ठेवला आहे. जलसंत्रास हा शब्द आपणांकडे आला तो ह्याच परंपरेतून. त्यानंतर शतकांमागून शतके गेली, सूक्ष्मदर्शक आला, विषाणू सापडला, पण सुश्रुताचा तो निर्णय बदललेला नाही. लक्षणे दिसू लागल्यावर ह्या रोगातून वाचलेली माणसे जगाच्या इतिहासात बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

मग आशा कोठे आहे? ती आहे रोगाच्या संथ चालीत. चावणाऱ्या प्राण्याच्या लाळेतून विषाणू जखमेत उतरतो. पण तो रक्तातून धावत नाही. तो मज्जातंतूत शिरतो आणि त्याच वाटेने मेंदूकडे हळूहळू सरकत जातो. बहुधा एक ते तीन महिने, कधी आठवडाभर, तर कधी वर्षही, इतका अवधी त्याला लागतो. चावा पायाला असेल तर वाट लांब, चेहऱ्याला असेल तर आखूड. म्हणूनच उंचीने लहान असलेल्या आणि तोंडावर चावा बसणाऱ्या मुलांना धोका अधिक. ह्या प्रवासाच्या काळात शरीराला सावध केले, म्हणजे लस टोचली, तर विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविता येतो. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली तर त्याचा बराचसा अंश तेथेच नष्ट होतो. म्हणजे हा रोग एकाच वेळी शंभर टक्के प्राणघातक आणि जवळजवळ शंभर टक्के टाळता येण्याजोगा आहे. असा दुसरा रोग शोधून सापडणे कठीण. आणि ह्याच कारणाने त्याने होणारा प्रत्येक मृत्यू हा दैवाचा नसून व्यवस्थेचा असतो.

आता पहिली पायरी. इंग्रजांनी मुंबई बेटावर शहर वसविले तसे तेथे माणसांबरोबर कुत्रेही वाढले. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात अशी तेव्हाची समजूत होती, म्हणून 1813 सालच्या नियमाने वर्षातल्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची परवानगी शिपायांना मिळाली. पुढे 1832 साली ती मुदत वाढविण्यात आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. आठ आणे ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. मग काय विचारता! शिपाई लोक घरांच्या ओट्यांवरून, दारांतून कुत्री ओढून नेऊ लागले. 6 जून 1832 रोजी पारशांचा एक पवित्र दिवस होता, आणि पारशी धर्मात कुत्र्याला तर विशेष स्थान. मृताच्या अंतिम विधीत कुत्र्याची दृष्टी शवावर पडली पाहिजे असा त्यांचा सगदीदचा संस्कार आहे. त्या दिवशी शिपायांवर लोक तुटून पडले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, किल्ल्यातल्या गोऱ्या साहेबांकडे आणि पलटणीकडे जाणारा शिधा अडविला गेला. मुंबईतला हा कुत्र्यांचा दंगा. आपल्या शहरांच्या सार्वजनिक चळवळींच्या इतिहासात त्याला अगदी आरंभीचे स्थान द्यावे लागेल.

दंगा मोडला गेला, पण त्याचे फळ निघाले. जमशेटजी जिजीभाई आदी मंडळींनी सरकारकडे रदबदली केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावी असे ठरले. आणि दोनच वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी आणि शेठ मोतीचंद अमीचंद ह्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. ह्या घटनेत करुणा आहे, आणि ती खरीच आहे. परंतु इतिहासकाराने एक गोष्ट येथे टिपून ठेवली पाहिजे: मारणारे आणि वाचविणारे ह्या दोघांच्याही डोळ्यांपुढे कुत्रा होता, रोग कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता. रोगाला ओळखण्याची विद्याच अजून जन्मास आलेली नव्हती, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. दोष आहे तो ही विद्या आल्यानंतरही त्याच जुन्या भांडणात रमून राहिलेल्या पुढच्या पिढ्यांचा.

ती विद्या आली पॅरिसहून. लुई पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमील रू ह्यांनी सशांच्या मज्जारज्जूत हा विषाणू वाढविला आणि तो रज्जू कोरड्या हवेत वाळवून त्याची शक्ती क्रमाक्रमाने कमी केली. 6 जुलै 1885 रोजी अल्सासमधून जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई पाश्चरकडे घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतलेले होते. पाश्चर वैद्य नव्हते. कायद्याने त्यांना सुई धरण्याचाही अधिकार नव्हता. डॉक्टरांच्या हातून त्यांनी त्या मुलाला तेरा वेळा लस टोचविली, प्रत्येक दिवशी आदल्या दिवसाहून अधिक तीव्र. मुलगा वाचला. पुढे पॅरिसमध्ये पाश्चर संस्था 1888 साली सुरू झाली तेव्हा युरोपभरचे दंशग्रस्त तिच्या दाराशी येऊ लागले.

हिंदुस्थानातून पॅरिसला कोण जाणार? ज्याला आगबोटीचे भाडे परवडेल तो. सामान्य माणसाचा प्रश्न तसाच राहिला. 1900 साली हिमालयाच्या पायथ्याशी कसौली येथे देशातली पहिली पाश्चर संस्था निघाली, आणि 1907 साली दक्षिणेत कुन्नूरला दुसरी. ही प्रगती खरीच. परंतु श्रोत्यांनी क्षणभर नकाशा डोळ्यांपुढे आणावा. सूरजागड तेव्हा मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यात होते. तेथून कसौली बाराशे किलोमीटरांहून दूर. जंगलातून बैलगाडीने रेल्वेपर्यंत यावे, मग उत्तरेकडे अनेक गाड्या बदलाव्यात, अनोळखी भाषेच्या मुलुखात दोन आठवडे राहावे, आणि तेवढ्या काळात घरची पेरणी कोणी तरी सांभाळावी, हे एखाद्या माडिया कुटुंबाला कसे शक्य होते? विद्या देशात आली होती, पण ती डोंगरावर बसली होती. आणि रोगी दुसऱ्या डोंगराखाली होता.

हे अंतर तोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न कसौलीचेच पहिले संचालक डेव्हिड सेंपल ह्यांनी केला. 1911 साली त्यांनी मेंढीच्या मेंदूत वाढविलेला विषाणू कार्बोलिक आम्लाने मारून एक लस तयार केली. ही लस बाटलीत भरून दूरवर धाडता येई. तिच्यामुळे उपचार कसौलीहून जिल्ह्याच्या ठिकाणी उतरले, हे सेंपलचे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु त्या उपकाराची किंमतही जबर होती. आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारा. कुत्रा चावला म्हणताच त्याला आठवते ती जखम नव्हे, तर पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शने. रोज एक, बेंबीच्या भोवती, दुखऱ्या जागेशेजारी पुन्हा. कित्येक मुलांनी चावा लपविला तो कुत्र्याच्या नव्हे, सुईच्या भीतीने. आणि कित्येक मजुरांनी निम्म्यावरच उपचार सोडले, कारण चौदा दिवसांची मजुरी त्यांना कोण देणार? शिवाय मेंदूच्या ऊतीपासून बनविलेल्या ह्या लसीने काही रोग्यांना पक्षाघातही होई. पेशींत वाढविलेली निर्धोक लस 1970 नंतरच्या दशकात जगाला मिळाली, तरीही आपल्या सरकारी दवाखान्यांतून ही जुनी लस हटली नाही. तिचे उत्पादन आपल्या देशात बंद झाले ते 2004 च्या अखेरीस. एक औषध त्र्याण्णव वर्षे चालले, ही त्याची थोरवी म्हणावी की आपली सहनशीलता, ह्याचा निर्णय श्रोत्यांनी करावा.

पुढे 2006 साली कातडीच्या आत अगदी थोडी लस टोचण्याच्या पद्धतीला आपल्याकडे मान्यता मिळाली, त्यामुळे एका बाटलीत अनेकांचे काम होऊ लागले. आता दंडावर चार भेटींत काम भागते: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. खोल जखमेला लस पुरत नाही. शरीर स्वतःची प्रतिद्रव्ये तयार करीपर्यंत ती आयती जखमेत भरावी लागतात. ह्याचा प्रत्यय जगाला 1954 साली इराणातल्या साहने गावी आला. एका पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत पंचवीसहून अधिक माणसांना फाडले, आणि लसीबरोबर रक्तद्रव मिळालेल्यांत वाचणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे ठरले. हा रक्तद्रव महाग आणि दुर्मिळ. त्याच्या जागी वापरता येईल असे प्रयोगशाळेत घडविलेले प्रतिद्रव्य पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2017 साली बाजारात आणले, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे.

एवढे सर्व झाले, तरी माणसे मरतच राहिली. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे ह्या रोगाने दगावतात असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतली, आणि शंभरांतली चाळीस पंधरा वर्षांखालची मुले. आपल्या देशात हा आकडा वर्षाला वीस हजार असल्याचे 2003 च्या पाहणीवरून सांगितले जाई. 2022-23 मधल्या नव्या राष्ट्रीय पाहणीने तो सुमारे 5,700 वर आणला. घट झाली ह्याचा आनंद मानावा. परंतु त्याच पाहणीने वर्षाला सुमारे 91 लाख प्राणिदंश मोजले, आणि कुत्रा चावलेल्या पाचांपैकी जवळजवळ एकाला लसीची एकही मात्रा मिळालेली नव्हती असे दाखविले. तो पाचवा माणूस कोठे राहत असेल हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नाही. तो रस्त्याच्या शेवटी राहतो.

ह्यावरून एक सिद्धान्त निघतो. केवळ माणसाला टोचून हा रोग संपणार नाही. ज्या हौदाचा नळ उघडा आहे त्यातले पाणी वाटीने उपसण्यासारखे ते आहे. मानवी रेबीजच्या शंभरांतले नव्व्याण्णव प्रसंग कुत्र्यामुळे घडतात. तेव्हा नळ म्हणजे कुत्रा. आणि येथे आपण पुन्हा 1832 च्या प्रश्नाशी येऊन ठेपतो. कुत्र्याचे करावयाचे काय?

ह्या प्रश्नावर 1926 साली महात्मा गांधींनी मोठा वाद ओढवून घेतला होता. अहमदाबादेतील एका गिरणीमालकाने आपल्या आवारातली साठ कुत्री मारविली आणि मग मनाला बोच लागून तो गांधीजींकडे आला. गांधीजींनी त्याला दोष दिला नाही. अहिंसेच्या ह्या पुजाऱ्याने असे लिहावे ह्याचा लोकांना धक्का बसला, संतप्त पत्रांचा पाऊस पडला, आणि गांधीजींनी ‘यंग इंडिया’त अनेक लेख लिहून आपली बाजू मांडली. त्यांच्या म्हणण्याचा गाभा मात्र मारण्यात नव्हता. तो असा होता की, रस्त्यावर धन्यावाचून फिरणारा कुत्रा हे समाजाच्या दयेचे लक्षण नसून बेजबाबदारपणाचे लक्षण आहे. भाकरीचा तुकडा फेकावयाचा आणि पुण्य पदरात पाडून घ्यावयाचे, पण त्या प्राण्याच्या आजाराची, पिलांची, दंशाची जबाबदारी मात्र घ्यावयाची नाही, ही दया नव्हे. मारण्याविषयी गांधीजींशी मतभेद ठेवूनही ह्या गाभ्याशी सहमत होणे आम्हांस भाग वाटते.

मारण्याविषयी मतभेद का? भूतदयेसाठी तर आहेच. पण ते सोडले तरी, तो उपाय चालत नाही म्हणून. मद्रासच्या नगरपालिकेने 1860 पासून सव्वाशेहून अधिक वर्षे कुत्री मारली; कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही संपला नाही. कारण उघड आहे. जोपर्यंत उकिरडा आहे तोपर्यंत त्यावर पोसला जाणारा प्राणीही आहे. दहा मारली की त्यांच्या वाट्याचे उष्टे खाऊन दुसरी दहा जगतात, आणि ही नवी दहा लहान, भटकी व लस न टोचलेली असतात. चेन्नईने 1996 साली कत्तल सोडून नसबंदी आणि लसीकरणाचा मार्ग धरला; मुंबईतही 1990 नंतरच्या दशकात तोच आला; 2001 साली केंद्र सरकारने त्याचे नियम केले आणि 2023 साली ते नव्याने घडविले. तरीही मुंबईच्या दंग्याचा पडसाद मधूनमधून उमटतोच. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीतली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, देशभर गदारोळ झाला, आणि अकरा दिवसांत तो सुधारून, नसबंदी व लस झालेली कुत्री, पिसाळलेली अगर आक्रमक नसल्यास, मूळ जागी सोडण्याचे ठरले. एकशे त्र्याण्णव वर्षांत पक्ष तेच आहेत. केवळ शहर बदलले.

दुसऱ्या देशांनी काय केले? इंग्लंडने कुत्र्यांच्या तोंडाला मुसके बांधण्याची सक्ती करून आणि बंदरांवर पहारा बसवून 1902 साली हा रोग घालविला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तो परत आला आणि 1922 साली पुन्हा गेला. जपानने 1950 साली कायदा करून प्रत्येक कुत्र्याची नोंद आणि लस सक्तीची केली, आणि 1957 नंतर तेथल्या कुत्र्यांत हा रोग राहिला नाही. ही दोन्ही बेटे. त्यांना समुद्राची भिंत होती. परंतु मेक्सिको हे बेट नव्हे, आणि श्रीमंत राष्ट्रही नव्हे. 1990 साली तेथे कुत्र्यांमुळे साठ माणसे मेली होती. त्या सालापासून त्यांनी दरवर्षी कुत्र्यांचे विनामूल्य सामुदायिक लसीकरण चालविले. 2006 नंतर कुत्र्यामुळे एकही मृत्यू झाला नाही, आणि 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्या यशावर शिक्कामोर्तब केले. जगातला हा पहिलाच देश. त्यामागचे गणित सोपे आहे: शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर पिसाळलेल्या कुत्र्याला रोग पुढे देण्यास दुसरा कुत्रा पुरेसा सापडत नाही आणि साखळी आपोआप तुटते. शंभर नव्हे, सत्तर. ह्या आकड्यात सारी आशा साठविलेली आहे.

पण मेक्सिकोचे उदाहरण दूरचे झाले. आपल्याच अंगणातले उदाहरण गोव्याचे आहे, आणि ते अधिक विस्ताराने सांगण्यासारखे आहे. 2013 साली ‘मिशन रेबीज’ ह्या संस्थेने गोव्यात काम सुरू केले आणि राज्य सरकारने तिला साथ दिली. गोव्यातली बरीच कुत्री अशी की, ती कोणाची नाहीत आणि सगळ्यांची आहेत: मासळीबाजारात, किनाऱ्यावर, देवळाच्या आणि चर्चच्या आवारात. अशा कुत्र्यांना दवाखान्यात कोण आणणार? तेव्हा दवाखानाच त्यांच्याकडे गेला. माणसांच्या तुकड्या गल्लीगल्लीतून फिरत. पाळीव कुत्र्याला दारातच टोचीत. मोकाट कुत्र्याला लांब दांड्याच्या जाळीत क्षणभर धरून टोचीत आणि रंगाचा ठिपका लावून सोडून देत. मग दुसरी फेरी निघे आणि ठिपकेवाली किती, बिनठिपक्याची किती ह्याची मोजणी होई. कोणत्या वाड्यावर सत्तरचा आकडा गाठला नाही हे मोबाइलमधल्या नकाशावर त्याच दिवशी कळे, आणि दुसऱ्या दिवशी तुकडी तेथे परत जाई. ह्या परत जाण्यात सारे यश आहे. आपल्या अनेक योजना पहिल्या फेरीनंतर समारंभ करून संपतात. गोव्यात समारंभाआधी मोजणी झाली.

त्याबरोबर आणखी दोन कामे चालली. एक, शाळांतून वर्षाला सुमारे दीड लाख मुलांना कुत्र्याशी कसे वागावे आणि चावा बसला तर काय करावे हे शिकविले गेले. दुसरे, संशयित कुत्र्याची खबर येताच तेथे धावून जाणारी तुकडी नेमली गेली, आणि मेलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासून रोग होता की नव्हता ह्याची नोंद होऊ लागली. वर्षाला 95 हजारांहून अधिक कुत्र्यांना लस मिळू लागली. 2013 ते 2019 ह्या काळात कुत्र्यांतल्या रेबीजचे मासिक प्रमाण शेकडा 92 नी घटले. 2018 पासून तीन वर्षे गोव्यात माणसाचा एकही रेबीजमृत्यू नोंदला गेला नाही, आणि 2021 साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. 1832 साली आठ आण्यांना एक कुत्रा मारणाऱ्या देशात, कुत्र्याला जिवंत ठेवून माणसाला वाचविता येते हे असे सिद्ध झाले. मारणारे आणि वाचविणारे ह्यांच्या वादाचे उत्तर दोघांपैकी कोणाच्याही झोळीत नव्हते. ते लसीच्या कुपीत होते.

गोव्याच्या यशाला भिंत मात्र नाही. सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार ह्या बाजूंनी कुत्रा मोकळेपणी ये-जा करतो, म्हणून तेथे दरवर्षी पुन्हा टोचावे लागते. ह्याचा अर्थ शेजाऱ्याचे काम झाले नाही तर आपले कामही पुरे होत नाही. केंद्र सरकारने 28 सप्टेंबर 2021 रोजी, म्हणजे पाश्चरच्या पुण्यतिथीस पाळल्या जाणाऱ्या जागतिक रेबीज दिनी, 2030 पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज नाहीसा करण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. 2030 आता दूर नाही. प्रश्न असा की, ही योजना सूरजागडच्या पायथ्याशी कशी पोहोचणार?

येथे भाबडेपणा कामाचा नाही. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. गडचिरोली जिल्ह्याचे 14,412. 2011 च्या शिरगणतीत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, तर गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आत. म्हणजे चौपट भूमीवर त्याहून कमी माणसे, त्यातही तीन-चतुर्थांश भूमी जंगलाची. गोव्यात एक तुकडी एका दिवसात जितकी कुत्री टोचील तितकी पाहावयास येथे कित्येक गावे फिरावी लागतील. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. लस शीतपेटीतच न्यावी लागते. कुत्रा रात्री शेतावर, दिवसा रानात. त्यात रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांची भर. मात्र ह्या शेवटच्या शंकेचे उत्तर आफ्रिकेतल्या सेरेंगेटी अरण्याभोवतालच्या अभ्यासाने दिले आहे: रानटी श्वापदांतला रोग मुख्यतः गावकुत्र्यांकडूनच येतो, गावकुत्री सुरक्षित झाली की रानातला रोगही ओसरतो.

अडचणी अशा आहेत. पण ह्याहून मोठ्या अडचणी आपण पार केलेल्या आहेत. बुळकांडी आठवा. गुरांच्या ह्या रोगाने गावेच्या गावे ओसाड होत. पशुवैद्यांनी 1954 पासून गावोगाव हिंडून गुरांना लस टोचली, आणि 2006 साली भारत बुळकांडीमुक्त ठरला. 2011 साली तर ती पृथ्वीतलावरूनच गेली. देवी गेल्या, नारू गेला, पोलिओ गेला. ह्यांतला एकही रोग जंगलाला घाबरून मागे फिरला नव्हता. माणूसच त्याच्या मागे जंगलात गेला. मग बुळकांडीला जे जमले ते रेबीजला का जमू नये? आम्हांस ह्याचे उत्तर एकच दिसते. बैलाला धनी होता, आणि बैल मेला तर धन्याची शेती मरत होती. कुत्र्याला धनी नाही. गांधीजींनी ज्यावर बोट ठेवले होते तीच ही जागा.

आणि येथे हा वनप्रदेश आपणां शहरवासीयांस शिकवू शकेल असे आम्हांस वाटते. ह्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने ग्रामसभेत एकमताने निर्णय करण्याची रीत घालून 2009 साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला. ह्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू घटविता येतात हे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने जगाला दाखविले. हेमलकशाला 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्प माणसांवर आणि जनावरांवर एकाच आवारात उपचार करीत आला आहे. जे गाव आपल्या जंगलाचे धनी होऊ शकते ते आपल्या कुत्र्यांचेही धनी होऊ शकेल. गावातली स्त्री बाळाचा श्वास मोजू शकते, तर जखम धुवावयास ती निश्चित शिकवील. तिखट, चुना वा हळद भरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, हे तिच्या तोंडून पटेल तितके आमच्या व्याख्यानातून पटणार नाही. आणि ठाकूरदेवाच्या यात्रेत सत्तर गावांची माणसे एकत्र येतात, तर सत्तर गावांच्या कुत्र्यांची मोजणी ठरविण्यास त्याहून चांगली सभा कोणती?

शासनाचे आणि उद्योगाचे कर्तव्य त्याने संपत नाही. उलट तेथून ते सुरू होते. खाणीमुळे जेथे वर्दळ वाढते, खानावळी निघतात, उष्टे साचते, तेथे कुत्र्यांची संख्या वाढणार हा सर्वत्रचा नियम आहे, आणि तो सूरजागडलाही चुकणार नाही. म्हणून कचऱ्याची व्यवस्था, पशुवैद्याची फेरी आणि आरोग्यकेंद्रात लसीबरोबर प्रतिद्रव्याचा साठा ह्या तीन गोष्टी एकत्र चालल्या पाहिजेत. सूरजागडचा दगड ज्या रस्त्याने खाली येतो त्याच रस्त्याने शीतपेटी वर गेली पाहिजे. रस्ता एकाच बाजूने वाहता असू नये, एवढेच आमचे मागणे.

श्रोतेहो, आमच्या देवांनीही कुत्र्याला दूर लोटलेले नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि धर्मराजाने तर त्याच्यासाठी स्वर्गाचे दार नाकारले. ह्या कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु धर्मराजाने त्या कुत्र्याला केवळ भाकरी टाकली नव्हती. त्याने त्याची जबाबदारी घेतली होती. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला आपण कोणत्या नात्याने ओळखतो, ह्याचा विचार आज घरी जाताना प्रत्येकाने करावा. त्याच्या गळ्यात लसीची खूण आहे काय, एवढे पाहावे. नसल्यास उद्या नगरपालिकेत जाऊन विचारावे. दूर सूरजागडच्या पायथ्याशी एखादे मूल आपल्या कुत्र्याबरोबर खेळत असेल. दोघेही जगावीत, ह्यासाठी लागणारे ज्ञान 1885 पासून आपल्या हाती आहे. ते त्यांच्यापर्यंत नेण्याचेच काय ते राहिले आहे.